घरच्या शेतीकडे टप्प्याटप्प्याने

कृषी व्यवसायात नोकरी करणाऱ्या माणसाने घरच्या शेतीकडे परतायचे मनावर घेतले, की भेटेल तो आधी नोकरीबद्दल विचारतो: सोडणार की ठेवणार? मलाही हेच विचारले जाते. मी धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीत पुरवठ्याचे नियोजन पाहते. कोणत्या भागातून किती मका येईल, त्यात ओलावा किती असेल, कोणत्या आठवड्यात गोदामे भरतील, याचे अंदाज बांधणे हे माझे रोजचे काम. घरी वडील शेती करतात, आई त्या शेतीचा वर्षानुवर्षांचा हिशेब तोंडपाठ ठेवते आणि धाकटा भाऊ अगदी वेगळ्या पेशात रमला आहे. वडिलांचे वय वाढत चालले आहे. त्यांच्यानंतर शेत कोण पाहणार, हा विषय प्रत्येकाच्या मनात असूनही बराच काळ आमच्या घरात कोणी काढत नव्हते. आता तो निघाला आहे. त्याबद्दल आम्ही जे बोललो आणि जे ठरवले, ते सविस्तर लिहावे असे वाटले, कारण याच उंबरठ्यावर उभे असलेले माझ्या व्यवसायातले अनेक जण मला माहीत आहेत.

नोकरी ठेवायची की सोडायची, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शेताला माणसाचा वेळ लागतो हे खरेच, पण त्याहून अधिक त्याला निर्णय लागतात, आणि तेही नेमक्या वेळी. कोणता निर्णय कोणी घ्यायचा, किती तासांत किंवा किती दिवसांत घ्यायचा आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जायचे, हे घरात स्पष्ट ठरलेले असेल तर नोकरी आणि शेती यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो. ते ठरलेले नसेल, तर राजीनामा देऊन पूर्ण वेळ शेतावर येऊन राहिलेल्या मुलाचा किंवा मुलीचाही घरात जम बसत नाही. शिकून आलेला तरुण हाताशी असूनही वडीलच सगळे ठरवत राहिले आणि दोघेही कुढत बसले, अशी घरे कामानिमित्त मी पुष्कळ पाहिली आहेत.

एक पाय नोकरीत आणि एक शेतात ठेवणे हे काही नवे नाही. जगात सुमारे ६० कोटी शेते आहेत आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक शेते व्यक्ती किंवा कुटुंबे चालवतात. अशा कुटुंबांत बाहेरची मिळकत असणे हा अपवाद नसून बऱ्याच ठिकाणी तोच रिवाज आहे. अमेरिकेत बहुसंख्य शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा शेताबाहेरून येतो. जपानच्या कृषी गणनेत तर नोकरी करून शेती करणाऱ्या घरांचे कित्येक दशके दोन वर्ग केले जात: शेतीचे उत्पन्न मुख्य असलेली घरे आणि बाहेरचे उत्पन्न मुख्य असलेली घरे. हा फरक मला फार उपयोगाचा वाटतो, कारण आपण यांतल्या कोणत्या वर्गात आहोत आणि पुढे कोणत्या वर्गात जाऊ इच्छितो, हे घरातल्या सर्वांनी एकमेकांना सांगितलेले असले पाहिजे. दुसरीकडे, परतणाऱ्यांची गरजही खरी आहे. अमेरिकेच्या २०२२ च्या कृषी गणनेत शेतकऱ्यांचे सरासरी वय ५८.१ वर्षे भरले, आणि युरोपीय संघात २०२० साली शेती व्यवस्थापकांपैकी चाळिशीच्या आतले जेमतेम १२ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचे दशक म्हणून जाहीर केले आहे, पण शेत पुढच्या पिढीकडे जाते ते घरातल्या बोलण्यातून, आणि ते बोलणे कोणतीही घोषणा आपल्या वतीने करू शकत नाही.

कचेरीचे वेळापत्रक आणि पिकाचे वेळापत्रक यांतला विसंवाद कुठे बोचतो, हे मक्यावरच्या लष्करी अळीने मला जितके शिकवले तितके दुसऱ्या कशानेही नाही. मूळची अमेरिका खंडातली ही कीड २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये आशियात नोंदली गेली आणि तेव्हापासून मका पिकवणाऱ्या माणसाच्या आठवड्याची घडीच तिने बदलून टाकली. मादी पतंग शंभर ते दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि उबदार हवेत तो दोन-तीन दिवसांत उबतो. बाहेर पडलेल्या बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, त्यामुळे पानावर आरपार दिसणारे पांढुरके ठिपके उमटतात. रोपांच्या ओळीत उकिडवे बसून, उन्हाच्या दिशेने पान धरून पाहिल्याशिवाय हे ठिपके सहसा नजरेस पडत नाहीत. पुढच्या काही दिवसांत अळी पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरते, वर भुशासारखी विष्ठा साचते, आणि एकदा ती आत गेली की बाहेरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. अळीचे सगळे आयुष्य उन्हाळी हवेत साधारण दोन आठवड्यांचे असते आणि तिचे बहुतेक खाणे शेवटच्या दोन अवस्थांत होते. म्हणजे सोमवारी घातलेल्या पुंजक्याची दखल शनिवार-रविवारच्या सुट्टीत घ्यायची म्हटले, तर उपाय स्वस्त आणि सोपा असण्याचे दिवस त्याआधीच निघून जायला लागलेले असतात.

म्हणून मक्याची पाहणी ‘मी सुट्टीला आले की करेन’ या सदरात टाकायची नाही, असे आम्ही ठरवले. पीक लहान असताना आठवड्यातून दोनदा शेतात ठरलेल्या पाच जागी फिरून प्रत्येक जागची सलग रोपे तपासायची आणि लागण झालेल्या रोपांचा आकडा वहीत लिहायचा, हे काम आमच्या शेतावर नियमित येणाऱ्या एका अनुभवी बाईंकडे सोपवले आहे. त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. आकडा किती झाला की फवारणी करायची, हे हंगामाच्या आधीच वडील आणि मी बसून ठरवतो आणि त्या पानावर लिहून ठेवतो. त्यामुळे ऐन वेळी मी बैठकीत असले आणि फोन घेऊ शकले नाही, तरी फवारणी अडत नाही. निर्णय आधीच झालेला असतो, शेतात फक्त तो लागू करायचा असतो. तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडण्याचा काळ मात्र असा आगाऊ लिहून भागत नाही. त्या साधारण दोन आठवड्यांत पाण्याचा ताण पडला तर दाणे भरण्याचे जे नुकसान होते, ते नंतर कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. म्हणून वर्षाची रजा मी सणासमारंभांना न देता त्या पंधरवड्यासाठी राखून ठेवते. पेरणीची तारीख आणि वाणाचा कालावधी यांवरून तो पंधरवडा कधी येईल याचा अंदाज बराच आधी बांधता येतो, आणि अंदाज बांधणे हे तर माझ्या नोकरीतलेच काम आहे.

शेताचे दुसरे घड्याळ याच्या अगदी उलट आहे, आणि ते कंपनीतल्या माणसाला समजायला अधिक कठीण जाते. आम्ही तिमाहीच्या भाषेत विचार करतो. जमीन तसा विचार करत नाही. एक हेक्टर शेताचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर ढोबळमानाने २,००० टन वजनाचा असतो. त्यातला सेंद्रिय कर्ब अवघा ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हटले, तरी त्या मातीत २ टन कर्ब टिकून राहायला हवा. शेणखत किंवा पिकांचे अवशेष यांतून आपण घालतो त्यातला बराचसा कर्ब सूक्ष्मजीवांच्या श्वसनात हवेत निघून जातो, त्यामुळे २ टन टिकवण्यासाठी घालावा लागणारा माल त्याच्या कितीतरी पट असतो. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग सुरू आहे आणि आजही चालू आहे. दरवर्षी शेणखत मिळालेल्या वाफ्यांतला सेंद्रिय कर्ब तिथे अनेक दशके हळूहळू वाढत राहिला. एका माणसाच्या नोकरीच्या कारकिर्दीत बसणार नाही इतका तो काळ आहे. परतणाऱ्या माणसाने पहिल्या दोन-तीन वर्षांत जमिनीचा कायापालट करून दाखवण्याचा शब्द घरच्यांना देऊ नये, असे मला फार मनापासून वाटते. असा शब्द देणारा माणूस तिसऱ्या वर्षी निराश होऊन शहराकडे तोंड वळवतो आणि दोष जमिनीला देतो. आम्ही दोन शेते ठरवली आहेत. तिथे अवशेष जाळायचे नाहीत, नांगरट कमी करायची आणि मातीची तपासणी दर तिसऱ्या वर्षी, त्याच महिन्यात आणि त्याच खोलीवरून घ्यायची. या दोन शेतांचे मोजमाप माझ्या नोकरीच्या हिशेबात कुठेही येत नाही आणि येऊही नये.

नोकरीतून शेताला काय देता येते, याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना वाटते की कंपनीत शिकलेले सारे शेतावर लागू पडते. काहींच्या मते त्यातले काहीच उपयोगाचे नसते. माझा अनुभव असा, की बाजाराच्या बाजूचे ज्ञान लगेच कामी येते आणि मातीच्या बाजूचे ज्ञान घरच्यांकडूनच घ्यावे लागते. बाजाराच्या बाजूचे एक उदाहरण सविस्तर सांगते. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर सहा टक्के ओलावा गेला म्हणून सहा किलो वजन घटेल, असा हिशेब बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात त्या १०० किलोंत कोरडा माल ८० किलो असतो, आणि तो १४ टक्के ओलाव्याच्या मालात ८६ टक्के भरायला हवा. ८० ला ०.८६ ने भागले की ९३ किलो येतात, म्हणजे घट सात किलोंची असते. हा एक किलोचा फरक पोत्यापोत्याने साठत जातो. खरेदीदार ओल्या मालावर जी कपात लावतो तीत ही घट, वाळवणीचा खर्च आणि जोखमीचा काही भाग, असे तीन घटक असतात. ते वेगळे करून पाहिले, तरच माल घरी वाळवून विकावा की ओलाच द्यावा हे शहाणपणाने ठरवता येते. पूर्वी आमच्या घरी हा निर्णय आकाशाकडे पाहून आणि शेजाऱ्याने काय केले ते ऐकून होत असे. आता कपातीचा दर हाती आला की आई स्वतः हा भागाकार करते, आणि दोनदा तिने मालाची गाडी थांबवून वाळवणीचा निर्णय घेतला.

मातीच्या बाजूचे म्हणाल तर वडिलांसमोर मी अजून विद्यार्थिनीच आहे. दाणा शरीरदृष्ट्या पक्व झाला की त्याच्या बुडाशी काळा थर तयार होतो, हे मी पुस्तकात शिकले होते. त्या वेळी दाण्यात अजून ३० ते ३५ टक्के ओलावा असतो आणि त्यापुढे त्याचे वजन वाढत नाही, हेही मला ठाऊक होते. पण शेताच्या कोणत्या कोपऱ्यात तो थर आधी धरेल, कुठे ताटे वाऱ्याने आडवी होतील, कोणत्या वाफ्यात पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत वाफसा येतो, म्हणजे माती कामाजोगी होते, आणि कुठे पाच दिवस थांबावे लागते, याचा नकाशा वडिलांच्या डोक्यात आहे. थिओडोर शुल्त्स या अर्थशास्त्रज्ञाला १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पारंपरिक शेतकरी हाताशी असलेल्या साधनांचा वापर मुळातच काटकसरीने आणि विचारपूर्वक करत असतो, असे त्यांनी आग्रहाने मांडले होते. मला हे मत शेतावर रोज पटते. वडील अमुक शेत उशिरा का पेरतात, हे मला कळत नसेल तर त्यामागे कारण आहे असे धरून आधी ते विचारायचे, आणि बदल सुचवायचा तो त्यानंतर. कधी कधी ते कारण आता उरलेले नसते. बैलांच्या काळात योग्य असलेला क्रम ट्रॅक्टर आल्यावरही तसाच चालू राहिलेला असतो. पण कारण ऐकून घेतल्यावर वडील स्वतःच म्हणतात, ‘मग या वर्षी करून बघू.’

पैशाबद्दल मात्र मी अधिक कठोर मताची आहे. नोकरीचा पगार शेतीत घालण्याला माझा विरोध नाही, पण तो न मोजता घालण्याला आहे. रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक निरीक्षण मांडले होते. शेतकरी कुटुंब स्वतःच्या श्रमाची मजुरी हिशेबात धरत नाही. घरची गरज आणि कामाचा शीण यांचा तोल जिथे साधतो तिथपर्यंत ते राबत राहते. म्हणून एखादी भांडवली कंपनी ज्या परिस्थितीत केव्हाच बंद पडली असती, त्या परिस्थितीतही कुटुंबाचे शेत तगते. हे शेताचे बळ आहे आणि तोच त्याचा आजारही आहे. आता त्यात नोकरीचा पगार येऊन मिसळला, की तोटा कुठे झाला हेच दिसेनासे होते. खताची उधारी पगारातून चुकती झाली, पंपाची दुरुस्ती पगारातून झाली, आणि वर्षअखेर सगळे म्हणतात, ‘यंदा बरे निघाले.’ बरे निघालेले नसते, मुलीची पदरमोड झालेली असते. अशी पदरमोड प्रेमापोटी होते, म्हणूनच तिच्याविषयी कोणी बोलत नाही, आणि ज्या दिवशी नोकरी सुटते त्या दिवशी शेताची खरी अवस्था एकदम उघडी पडते.

यासाठी आम्ही शेताचे बँक खाते वेगळे केले. मी त्यात पैसे घालते ते कर्ज म्हणून, तारखेसह आणि परतफेडीच्या हंगामासह वहीत लिहून. वडिलांना सुरुवातीला हे आवडले नाही. ‘घरात कसले कर्ज?’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुखावल्याची छटा होती. मी त्यांना सांगितले, की पैसे परत मिळावेत म्हणून हे मी लिहीत नाही. पगाराशिवाय हे शेत किती वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहील ते कळावे म्हणून लिहिते. आईने माझी बाजू घेतली. त्याच वहीत आता वडिलांच्या आणि आईच्या श्रमाची मजुरीही बाहेरच्या मजुराच्या दराने लिहिली जाते, ट्रॅक्टरची झीज लिहिली जाते, आणि पहिल्या वर्षीच लक्षात आले की जे पीक आम्हांला सर्वांत फायद्याचे वाटत होते ते आईच्या न मोजलेल्या कामावर उभे होते. ते पीक आम्ही निम्म्यावर आणले. माझ्या मते परतण्याच्या सबंध प्रक्रियेतला हा सर्वांत न्याय्य निर्णय होता.

कृषी व्यवसायातल्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, ती म्हणजे त्याचा पगार आणि त्याच्या घरचे पीक यांवर बहुधा एकच संकट एकाच वेळी येते. शिक्षक किंवा परिचारिका असलेल्या शेतकऱ्याच्या मुलीचा पगार धान्याचे भाव पडले म्हणून कमी होत नाही. बियाणे किंवा खते विकणाऱ्या कंपनीतल्या मुलीचा होऊ शकतो. २०१२ च्या दुष्काळात अमेरिकेत मक्याचे भाव विक्रमी पातळीवर गेले, नंतरच्या चांगल्या पिकांनी ते उतरत गेले, शेतकऱ्यांनी हात आखडता घेतला आणि निविष्ठा, म्हणजे बियाणे, खते, औषधे, विकणाऱ्या कंपन्यांची विक्री मंदावली. त्यानंतरच्या काळात अशा बड्या कंपन्यांपैकी डाऊ आणि ड्यूपाँट यांचे एकत्रीकरण २०१७ मध्ये झाले, त्याच वर्षी केमचायनाने सिंजेंटा विकत घेतली, आणि बायरने मोन्सँटो २०१८ मध्ये विकत घेतली. अशा एकत्रीकरणात खर्च कमी करणे हा जाहीर हेतू असतो आणि खर्च कमी करणे म्हणजे पुष्कळदा माणसे कमी करणे. म्हणून शेतासाठीची राखीव शिल्लक ठेवताना नोकरीला शेताचा विमा समजू नये. धान्य खरेदीच्या बाजूला असल्यामुळे माझी स्थिती थोडी बरी आहे, कारण भाव पडतात तेव्हा आमची उलाढाल निदान थांबत नाही. तरीही पीकच बुडाले तर गोदामेही रिकामी राहतात आणि शेतही.

हितसंबंधांचा प्रश्न आम्ही लोक फार हलका समजतो. मी मक्याच्या खरेदीचे नियोजन पाहते आणि माझ्या घरी मका पिकतो. कोणत्या आठवड्यात कंपनी खरेदीचा जोर वाढवणार आहे, हे मला इतर शेतकऱ्यांच्या आधी कळते. ती माहिती घरच्या मालासाठी वापरणे हे उघड चुकीचे आहे, आणि वापरली नसली तरी वापरली असेल असा संशय येणे हेही शेजाऱ्यांशी असलेल्या नात्याला पुरेसे घातक आहे. म्हणून घरची शेती किती आहे, त्यात काय पिकते, हे मी वरिष्ठांना लेखी कळवले आहे. आमचा माल माझ्या कंपनीला द्यायचा नाही, हे घरात ठरले आहे. थोडा लांबचा खरेदीदार शोधावा लागतो आणि वाहतुकीचा खर्च वाढतो. तो खर्च वहीत लिहिला जातो आणि तो माझ्या नोकरीमुळे आला म्हणून मी भरते. बियाणे किंवा औषधे विकणाऱ्या कंपनीत असलेल्यांची अडचण वेगळी असते. त्यांच्या शेतावर स्वतःच्या कंपनीचेच वाण लागते, आणि घरचे शेत नकळत प्रात्यक्षिकाचे शेत होऊन बसते. वडिलांच्या शेताचा असा उपयोग करण्याआधी त्यांना स्पष्ट विचारावे, आणि शेजारी दुसरे वाण लावून खरी तुलना होऊ द्यावी.

आता सर्वांत अवघड भाग, म्हणजे अधिकार हाती घेण्याचा. अँड्र्यू एरिंग्टन या ब्रिटिश अभ्यासकाने शेतीच्या वारसाहक्काचा अनेक देशांत तौलनिक अभ्यास सुरू केला. त्यात पुन्हापुन्हा हेच दिसले, की रोजच्या कामाचे आणि तांत्रिक बाबींचे निर्णय वारसाकडे लवकर येतात, तर पैशांची सूत्रे जुनी पिढी अगदी शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवते. पन्नाशीला आलेला मुलगा पेरणी ठरवतो, पण सही वडिलांचीच चालते. अधिकार पायरीपायरीने हाती येण्याची ही शिडी आमच्याकडे आम्ही उघडपणे कागदावर मांडली. आधी नोंदी माझ्याकडे आल्या. मग एक शेत पूर्णपणे माझ्याकडे आले, म्हणजे पीक, वाण, खर्च, विक्री आणि तोटा झाला तर तोटाही. त्या शेताबाबत वडील सल्ला देतात आणि निर्णय माझा असतो. उरलेल्या शेतांबाबत सल्ला मी देते आणि निर्णय त्यांचा असतो. ही दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि शिकून आलेल्या मुलांना तीच जड जाते. यानंतर निविष्ठांची खरेदी माझ्याकडे आली. कर्जाचे व्यवहार आणि शेताच्या खात्यावरची सही अजून वडिलांकडेच आहे. ती संयुक्त व्हावी अशी माझी इच्छा आहे आणि मी ती बोलून दाखवली आहे. त्यांनी पुढच्या पिकानंतर बघू असे सांगितले, आणि वहीत तसे लिहिले आहे.

भावाचा वाटा हा विषय सर्वांनी टाळला असता तर आणखी दहा वर्षे टळला असता. तो शेती करणार नाही हे त्याने मोकळेपणाने सांगितले, पण त्या जमिनीशी त्याचे नाते नाही असे मुळीच नाही. वेगवेगळ्या समाजांनी या पेचावर वेगवेगळे मार्ग काढले आहेत. नॉर्वेमध्ये शेतावरचा पहिला हक्क थोरल्या अपत्याला मिळतो, १९७४ च्या कायद्याने त्यात मुलगा-मुलगी हा भेद काढून टाकला, आणि हक्क घेणाऱ्यावर तिथे राहून शेत कसण्याचे बंधन घातले जाते. फ्रान्सने १९६२ साली शेतकऱ्यांच्या भागीदारीचा एक खास प्रकार कायद्याने निर्माण केला, त्यात पालक आणि मुले बरोबरीचे शेतकरी म्हणून एकत्र शेत चालवू शकतात. मला या दोन्हींतली एकेक गोष्ट पटते: जो कसेल त्याच्यावर कसण्याचे बंधन असावे, आणि जुनी व नवी पिढी काही वर्षे भागीदार म्हणून राहावी. आम्ही भावाचा वाटा मालकीत कायम ठेवला आहे आणि कसण्यासाठी मी शेताच्या खात्यातून त्याला दरवर्षी खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, देते. खंड ठरवताना तो माझा भाऊ आहे म्हणून कमी धरला नाही. कमी धरला असता तर वहीत शेत खोटेच फायद्याचे दिसले असते आणि पुढे कधीतरी ते त्याच्या मनात राहिले असते.

कंपनीशी बोलणे त्यामानाने सोपे गेले. हंगामाच्या ठरावीक आठवड्यांत मी शेतावरून काम करते. त्या काळात माझ्याकडे कोणते काम असेल आणि कोणते सहकाऱ्याकडे जाईल, हे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरते, आणि त्या सहकाऱ्याच्या अडीअडचणीला मी उलट कामाचा भार उचलते. बढतीच्या एका संधीला मी नकार दिला, कारण त्या पदावर ऐन काढणीच्या काळात सलग प्रवास होता. त्याची खंत मला वाटते. ते काम मला आवडले असते आणि मी ते चांगले केले असते. शेतीच्या ओढीने सगळे सहज सोडता येते असे मी कोणाला सांगणार नाही.

नोकरी कधी सोडायची, याच्या अटी आम्ही चौघांनी मिळून लिहिल्या आहेत. शेताचे खाते सलग तीन हंगाम माझ्या कर्जाशिवाय चालले पाहिजे, आणि त्यातला निदान एक हंगाम वाईट असला पाहिजे, कारण लागोपाठ तीन चांगल्या हंगामांवरून शेताची परीक्षा होत नाही. खात्यावर संयुक्त सही झालेली असली पाहिजे. एका वर्षाचा घरखर्च आणि एका हंगामाचा लागवडीचा खर्च इतकी शिल्लक वेगळी ठेवलेली असली पाहिजे. आज यांतली एकही अट पुरती झालेली नाही, पहिलीच्या दिशेने मात्र आम्ही सरकत आहोत. पुढची बैठक काढणीनंतर आहे, भाऊ तिला येणार आहे, आणि पहिला विषय सहीचा आहे.